अपसामान्य वर्तन ओळखायला शिकताना

ॲबनॉर्मल सायकॉलॉजीचा पेपर सुरू झाला की दोन गोष्टी हमखास होतात. वाचलेला प्रत्येक विकार आपल्याला आहे असं वाटायला लागतं, आणि ओळखीतल्या प्रत्येकाला एकेक लेबल चिकटवण्याचा मोह होतो. पहिलं काही आठवड्यांत आपोआप निवतं. दुसरं खोड म्हणून अंगात मुरायच्या आत मोडावं लागतं, कारण क्लिनिकमध्ये समोर माणूस बसल्यावर तीच खोड नडते.

वर्तन अपसामान्य कधी म्हणायचं, याचे निकष पुस्तकात ओळीने दिलेले असतात: सांख्यिकीय, सामाजिक, वैयक्तिक त्रास, कार्यक्षमतेत बिघाड. परीक्षेपुरतं ते पाठ होतं. पण यातला एकही निकष एकट्याच्या पायावर उभा राहत नाही, आणि खरा अभ्यास इथूनच सुरू होतो.

सांख्यिकीय निकष बघा. बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ धरलं तर ७० च्या खाली साधारण दोन टक्के लोक येतात आणि १३० च्या वरही जवळपास तेवढेच. दोन्ही टोकं सारखीच दुर्मीळ, पण वरच्या टोकाला कोणी उपचाराला पाठवत नाही. उलट नैराश्य किंवा चिंता कितीही सर्रास आढळली तरी केवळ त्यामुळे ती ‘सामान्य’ ठरत नाही. म्हणजे दुर्मीळ काय ते आकडा सांगतो, त्याने बिघडतं काय हे सांगत नाही.

सामाजिक निकष त्याहून निसरडा. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला चक्क आजार ठरवून त्याला ‘ड्रॅपेटोमॅनिया’ असं भारदस्त नाव दिलं होतं. हे फार जुनं म्हणून सोडून द्यावं, तर समलैंगिकता अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या विकारांच्या यादीतून काढायचा निर्णय १९७३ चा, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा १९९० चा. समाजाला खुपतं ते सगळं आजाराच्या खात्यात टाकलं की काय होतं, ते या दोन उदाहरणांत पुरेसं दिसतं. आजच्या डीएसएमच्या, म्हणजे याच अमेरिकन असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेच्या, व्याख्येत म्हणूनच स्पष्ट म्हटलंय की व्यक्ती आणि समाज यांच्यातला संघर्ष हा, व्यक्तीच्या आत काही बिघाड असल्याशिवाय, विकार नव्हे.

मग त्रास हा निकष तरी पक्का का? नाही. उन्मादाच्या (मॅनियाच्या) अवस्थेतला माणूस तुम्हाला सांगेल की आयुष्यात इतकं छान कधी वाटलंच नव्हतं. झोपेशिवाय तो दिवसच्या दिवस काढतो आणि साठवलेले पैसे उधळतो. त्रास घरच्यांना. दुसरीकडे, जवळचं माणूस गेलेल्याला त्रास अपार असतो, पण दुःख हा आजार नाही. ते कधी आजाराच्या हद्दीत शिरतं यावर ग्रंथांचंही एकमत नाही. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या निदानाला आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किमान सहा महिने मागते. २०२२ ची सुधारित डीएसएम-५ प्रौढांसाठी किमान बारा. त्या सीमेवर निसर्गाने आखलेली रेघ नाही, तज्ज्ञांनी बसून, वाद घालून आखलेली आहे. हे कळलं की निकषांबद्दलची भाबडी श्रद्धा जाते, आणि जायलाच हवी.

एक नमुना देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत. एक गृहस्थ दाराचं कुलूप पुनःपुन्हा तपासतात म्हणून आले. नवखा प्रशिक्षणार्थी लगेच विचारतो, “किती वेळा?” उत्तर आलं, “पाच-सहा वेळा.” यावरून काहीच ठरत नाही. सुपरव्हायझरने शांतपणे पुढचे प्रश्न घेतले. न तपासता निघालात तर काय होतं? “छातीत धडधडतं, अर्ध्या वाटेतून परत येतो.” त्यासाठी दिवसाचा किती वेळ जातो? ते जरा थांबले. “सकाळचा तास-दीड तास.” घरातलं कोणी मदत करतं? “बायको आता कुलपाचा फोटो पाठवते.” आणि शेवटी, जवळजवळ सहज: “गेल्या वर्षापासून गावाला जाणं बंदच केलंय.” पहिल्या उत्तरात विकार नव्हता. परत फिरण्यात, तासात, बायकोच्या फोटोत आणि बंद झालेल्या प्रवासात तो हळूहळू दिसायला लागला. डीएसएममध्येही मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) निदानासाठी लक्षणांत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जाणं किंवा ठळक त्रास वा कामात अडथळा, अशीच अट आहे.

म्हणून मुलाखतीत माझा भर कायम याच प्रश्नांवर: कधीपासून, पूर्वी कसे होतात, कशामुळे वाढतं, काय करायचं सुटलं. ‘पूर्वी कसे होतात’ हा तर सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. मुळातच अबोल असलेल्या माणसाचं गप्प बसणं आणि बडबड्या माणसाचं गप्प होणं, या वेगळ्या घटना आहेत. माणसाच्या श्रद्धा आणि चालीरीतीही याच ठिकाणी विचारायच्या. गेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकू येतो असं सांगणारी बाई शोकात असू शकते, किंवा तिच्या समाजात ते अगदी मान्य असू शकतं.

प्रश्नावल्यांचं आकर्षण नव्यांना फार. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले की लगेच ‘डिप्रेशन’ लिहून मोकळे! तो आकडा नीट चौकशी करा एवढंच सांगतो. निदानासाठी नऊपैकी पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, त्यात उदास मनःस्थिती किंवा रस संपणं यांपैकी एक हवंच. शिवाय थायरॉइड, चालू औषधं, व्यसनं वगळायला डॉक्टरांची तपासणी. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण चुकवू नका.

एवढं करूनही दोन तज्ज्ञांचं जुळेलच असं नाही. डीएसएम-५ च्या क्षेत्र चाचण्यांत एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलं, तेव्हा तीव्र नैराश्याच्या निदानासाठी कप्पा ०.२८ आला. योगायोगाने होणारी सहमती वजा करून उरलेली सहमती म्हणजे कप्पा; पूर्ण सहमती असेल तर तो १. पीटीएसडीसाठी (आघातानंतरच्या तणावाच्या विकारासाठी) तोच ०.६७. नवख्यांना हे आकडे ऐकून धीर येतो, मला थोडी धास्ती वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहानचा १९७३ चा प्रयोग अभ्यासक्रमात भेटेलच: आठ धडधाकट माणसं आवाज ऐकू येतात असं सांगून १२ मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि मग नेहमीसारखं वागूनही बहुतेकांवरचा स्किझोफ्रेनियाचा शिक्का पुसला गेला नाही. लेबल एकदा लागलं की साधं वागणंही त्याच चष्म्यातून दिसतं, हा त्यातला मुद्दा. मात्र या प्रयोगाच्या खरेपणावर २०१९ मध्ये गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत, तेव्हा उत्तरपत्रिकेत तेही लिहा.

केस रिपोर्ट लिहिताना विशेषणं टाळा. ‘रुग्ण आक्रमक होता’ याऐवजी ‘प्रश्न विचारल्यावर टेबलावर हात आपटला, दोन मिनिटांनी माफी मागितली’ असं लिहा. वाचणाऱ्याला स्वतःचं मत बनवता येतं. खात्री नसेल तर ‘तात्पुरतं निदान’ असं लिहायला संकोच नको, आणि त्याखाली पुढच्या भेटीत कोणाला काय विचारायचं ते नोंदवून ठेवा.