मुलगी कमावते, मग रिटर्न कुणी भरायचं? या चुका टाळा

"अजून अठराची नाही, तिचा कसला टॅक्स?" मालिकांत काम करणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हे हमखास ऐकू येतं. पण अठराची नाही म्हणून प्राप्तिकर सुटत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच कराराच्या वेळी होते. मुलीचं पॅन काढलेलं नसतं, म्हणून बाबा स्वतःचं देऊन मोकळे होतात. मग मानधन आणि टीडीएस (मानधनातून आधीच कापलेला कर) दोन्ही बाबांच्या एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या वार्षिक नोंदीत, आणि ते निस्तरायला निर्मात्याच्या अकाउंटंटच्या विनवण्या! पॅन दिलंच नाही, तर टीडीएस १० ऐवजी २० टक्के कापतात. अल्पवयीन मुलांनाही पॅन मिळतं. त्यावर फोटो-सही नसते. अठरा पूर्ण झाल्यावर ती घालून घ्यायची.

दुसरा घोळ अर्धवट माहितीचा. "मुलांचं उत्पन्न आईवडिलांच्याच उत्पन्नात धरतात." धरतात, पण व्याज, भाडं, लाभांश वगैरे. अंगमेहनतीचा किंवा अंगच्या कलेचा पैसा मुलाचाच. त्याचं रिटर्न वेगळं, पालकाने प्रतिनिधी म्हणून भरायचं. खरी मेख पुढे आहे. बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जावे लागतात. ठेव मुलाच्या घामाची, पण तो सज्ञान होईपर्यंत तिचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. जुन्या करप्रणालीत त्यावर दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या प्रणालीत तीही नाही.

"चार लाखांच्या आत आहे ना, सोडून द्या" हे तिसरं. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या प्रणालीतली मूळ करमुक्त मर्यादा चार लाख, हे बरोबर. पण समजा मानधन २,६०,००० आणि १० टक्क्यांनी टीडीएस २६,०००. कर शून्य, तरीही वर्षाचा टीडीएस २५,००० किंवा जास्त असला की रिटर्न बंधनकारक. आणि कापलेले दोनच हजार असले, तरी रिटर्नशिवाय ते परत येत नाहीत. सुट्टीत दुकानात उभं राहून पंधरा-वीस हजार मिळवलेल्या, टीडीएस न कापलेल्या पोराने मात्र या भानगडीत पडायची गरज नाही.

सोपा दिसतो म्हणून रिटर्नचा आयटीआर-१ हा फॉर्म उचलू नका. मानधन म्हणजे पगार नव्हे; त्यासाठी आयटीआर-३ किंवा ४, कोणता ते सीएला विचारा. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा, नाहीतर रिफंड अडकलाच.