माझ्या नावावर भलतंच सिम

खानापूर स्टँडबाहेर छत्री टाकून बसलेल्या पोराकडून आईसाठी माझ्या आधारवर सिम घेतलं. "अंगठा उमटला नाही ताई, परत ठेवा," म्हणत त्यानं दोनदा अंगठा घेतला. घात तिथंच झाला असणार.

महिन्याभरानं सरकारच्या संचार साथी पोर्टलवर माझा नंबर, ओटीपी टाकला, तर माझ्या नावावरच्या सिमच्या यादीत एक अनोळखी नंबर! पोटात गोळाच आला. त्या नंबरानं कुणाला गंडवलं असतं, तर पोलीस माझ्या दारात. एकाच्या नावावर 9 सिम चालतात, त्यामुळे एखादं जादा कळतही नाही.

'माझा नंबर नाही' निवडून तक्रार केली, तिचा क्रमांक लिहून ठेवला. नंबर बंद झाला. मग आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, लॉक केलं. आता सिम कंपनीच्या दुकानातूनच घेते.