नोकरी करून मेडिकलला अर्ज करताय? अनुभवांच्या चौकटी अशा भरा

भारतात मेडिकलचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो. तुम्ही आठ वर्षं नोकरी केलीत की मंडळाचा गणपती सांभाळलात, कोणी विचारत नाही. अमेरिकेत हेच खोदून विचारतात. मी न्यू जर्सीत विम्याच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचे, तिशी उलटल्यावर अर्ज केला, आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओळखीतले नोकरीवाले अधूनमधून आपले अर्ज दाखवायला येतात. अर्जातला निबंध सगळ्यांनी घोटून घोटून लिहिलेला असतो आणि ‘वर्क अँड ॲक्टिव्हिटीज’, म्हणजे नोकरी-सेवा-छंदांचे अनुभव नोंदवायचा भाग, शेवटच्या रविवारी उरकलेला असतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. बरीच कॉलेजं फक्त नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात आणि बहुतेकांना अमेरिकेतल्या कॉलेजचे क्रेडिट लागतात. एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर कॉलेजांची यादी पहिली करा, बाकीचं नंतर.

एमडी ही इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी. तिचा अर्ज ‘ॲमकास’ या कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जव्यवस्थेवर भरतात. तिथे जास्तीत जास्त 15 नोंदी करता येतात. प्रत्येकीला स्पेस धरून 700 अक्षरं मिळतात, म्हणजे इंग्रजीत जेमतेम शंभर-सव्वाशे शब्द. त्यातल्या तीन नोंदींना ‘मोस्ट मीनिंगफुल’ म्हणता येतं आणि त्यांना आणखी 1,325 अक्षरं मिळतात. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन या डॉक्टरकीच्या दुसऱ्या पदवीचा अर्ज वेगळा असतो, तिथे वर्णनाला 600 अक्षरं. पंधराच्या पंधरा भरायलाच हव्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. नऊ भक्कम नोंदी असतील तर नऊच द्या.

पहिली तक्रार नेहमीची: ‘माझी नोकरी मेडिकलची नाही, ती कशाला दाखवू?’ दाखवायचीच, आणि ठळकपणे. कॉलेजातून थेट आलेल्या बावीस वर्षांच्या पोरांकडे पगाराच्या कामाची जबाबदारी क्वचित असते, तुमच्याकडे ती आहे. फक्त रेझ्युमे उचलून चिकटवू नका. वाचणारी व्यक्ती बालरोगतज्ज्ञ असेल किंवा बायोकेमिस्ट्री शिकवत असेल. स्प्रिंट, स्क्रम, रिग्रेशन सूट यातलं तिला काही कळणार नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नसेल. मी लिहिलं होतं ते साधारण असं: दावा चुकून नाकारला गेला तर एखाद्या कुटुंबाचे पैसे अडकतात, म्हणून सॉफ्टवेअर रिलीज होण्याच्या आदल्या रात्री मी ते थांबवायला सांगितलं, मॅनेजरशी वाद झाला, पुरावा दाखवल्यावर त्यांनी ऐकलं. एवढ्यात काम कळतं आणि माणूसही कळतो.

दुसरी अडचण आपल्या वळणाची आहे. स्वतःचं कौतुक स्वतः करायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, म्हणून आपण ‘आम्ही’ लिहितो. ‘आम्ही आरोग्य शिबिर घेतलं.’ बरं, त्यात तुम्ही काय केलंत? रक्तदाब मोजलात, नोंदणीच्या टेबलावर बसलात की खुर्च्या लावल्यात? खुर्च्या लावल्या असतील तर तेही चालेल, पण ‘मी’ लिहा.

आता एक नोंद जवळून पाहू. डेटाबेसचं काम करणाऱ्या एका बाईंनी हॉस्पिटलच्या सेवेबद्दल लिहिलं होतं: ‘रुग्ण व कर्मचाऱ्यांना मदत केली. सहानुभूती आणि संघभावना शिकले.’ म्हटलं, हे सोडा, शनिवारी तिथे गेल्यावर काय करता ते तोंडी सांगा. मग धडाधड बाहेर आलं. इमर्जन्सीतला बेड रिकामा झाला की पुसून चादर घालायची, गरम ब्लँकेटं पोचवायची, व्हीलचेअर एक्स-रेपर्यंत न्यायची. एकदा एक गुजराती आजी घाबरून हाताची सलाईन ओढू लागल्या. या बाई त्यांच्याशी मोडक्यातोडक्या गुजरातीत सुनेबद्दल, नातवंडांबद्दल बोलत बसल्या, पण नर्सनं औषधांबद्दल विचारायला सांगितलं तेव्हा म्हणाल्या, ते फोनवरच्या दुभाष्याला विचारू द्या, ते माझं काम नाही. माझ्या मते त्या अर्जातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच. आपली मर्यादा कुठे संपते हे कळणारा माणूस पेशंटजवळ उभा करायला बरा. ‘सहानुभूती’ हा शब्द आम्ही पूर्ण काढून टाकला. आजींचं वय, तारीख, आजाराचं नाव यातलंही काही ठेवलं नाही. पेशंट ओळखू येईल असं काहीही अर्जात लिहायचं नसतं.

‘मोस्ट मीनिंगफुल’च्या जादा जागेत अनेकजण तेच पुन्हा लांबवून लिहितात. तिथे एकच प्रसंग घ्या आणि त्यानंतर तुमच्या वागण्यात काय बदललं ते सांगा. नोकरीवाल्यांनी तीनपैकी एक जागा नोकरीला द्यावी, हा माझा हट्ट आहे. ‘आत्ताच का?’ याचं उत्तर मात्र इथे नको, ते 5,300 अक्षरांच्या निबंधात.

भारतातलं जुनं काम चालतं का? बारावीनंतरचं असेल तर चालतं. पुण्या-सांगलीच्या कॉलेजात एनएसएस केलं असेल तर दोन वर्षांचे मिळून 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. इथल्या माणसाला ‘एनएसएस’ म्हणून काही कळणार नाही. ‘गावात मुक्काम करून शोषखड्डे खणले’ असं लिहा. पण ते एका नोंदीत आटपा. दहा वर्षांपूर्वीच्या शिबिरावर आजच्या अर्जाचा डोलारा उभा राहत नाही, गेल्या दोन-तीन वर्षांत इथल्या पेशंटच्या जवळ गेलात का हे पाहतात. गावाकडच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात दोन आठवडे बसलात, छान, पण इथलं शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम पाहणं, वेगळं करावंच लागेल. महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा, गणपतीचा स्वयंपाक हेही जरूर लिहा. मात्र आपल्याच लोकांत केलेल्या सेवेसोबत फूड बँक किंवा फ्री क्लिनिकसारखं, आपल्या गोतावळ्याबाहेरचं काहीतरी असावं.

तासांचा हिशेब आठवणीतून करू नका. आजच एक एक्सेल उघडा: काम, सुरुवातीचा आणि शेवटचा महिना, एकूण तास, शहर, संपर्काची व्यक्ती. आठवड्याला तीन तास, वर्षात चाळीस आठवडे, तर 120 लिहा. सुट्टीत भारतात गेलात ते आठवडे वजा करा. पुढे होणारे तास वेगळ्या रकान्यात जातात, ते झालेल्या तासांत मिसळू नका. ज्यांचं नाव संपर्क म्हणून देणार त्यांना आधी फोन करा. जुनी कंपनी बंद पडली असेल तर तेव्हाचा मॅनेजर शोधून काढा.

अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि महिनाअखेरीपासून पाठवता येतो. मजकूर वर्डमधून थेट चिकटवला तर ठळक अक्षरं आणि बुलेट टिकत नाहीत, म्हणून साध्या नोटपॅडमध्ये लिहा. एकदा सबमिट केलं की नोंदींचा मजकूर बदलता येत नाही. पाठवण्याआधी त्याची प्रिंट काढून ठेवा, मुलाखतीत कोण कशावर बोट ठेवेल सांगता येत नाही. मला टेस्टिंगबद्दल एक प्रश्न आला आणि छंदात एका ओळीत टाकलेल्या पेटीवर पाच.