गाडी लागते? आधी पिशवी फुंकून पाहा

परतवाड्याहून मेळघाटच्या घाटातून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जायचं आणि घरात कोणाला गाडी लागते, तर आदल्या रात्रीच पिशव्या काढून ठेवा. आणि प्रत्येक पिशवी फुंकून पाहा. तोंड आवळून फुगवायची, गालाशी धरून दाबायची. वारा लागला की फेकायची. गेल्या दिवाळीत मी भाजीचीच पिशवी घडी करून खिशात टाकली. घाटात पोराला उमाळे आले, पिशवी अगदी वेळेवर तोंडाशी गेली, मी मनातल्या मनात शाबासकी घेतोय तोच शेजारच्या काकू ओरडल्या, ‘‘अवो भाऊ, पिशवी गयते ना!’’ पऱ्हाटीच्या काडीनं टोचावी तशी तळाला भोकं. त्यांची नवी साडी, माझी पॅन्ट. धारणीपर्यंत काकू बोलल्या नाहीत.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून जाड पिशवी घरात सहज सापडत नाही. पाच किलो आट्याची रिकामी पिशवी उत्तम. सरकीच्या बियाण्याची मात्र हातातही धरू नका, त्या बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असते. आट्याच्याच तीन घ्या. तिन्ही फुंकून.

गाडी लागू नये म्हणून घ्यायची अ‍ॅव्होमिनची गोळी निघायच्या तासभर तरी आधी. बस हलल्यावर घेतली तर ती पिशवीतच पडते. गोळीनं झोप येते, म्हणून उतरल्यावर लगेच फटफटीला किक मारू नका. दोन वर्षांखालच्या लेकराला देऊच नका, मोठ्या लेकरांचं डॉक्टरला विचारा.

उपाशी निघू नका, तर्री-पोहेही नकोत. कोरडी पोळी पुरे.

जागा मागच्या चाकाच्या पुढची. सर्वांत मागची सीट फुकट दिली तरी नको. मोबाइल खिशात, नजर लांबच्या डोंगरावर. कानाच्या आतल्या भागाला वळण कळते आणि डोळ्याला मोबाइल स्थिर दिसतो, या भांडणात मळमळ होते. ड्रायव्हरला गाडी का लागत नाही? पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असते.

संत्र्याची साल हुंगायची तर हुंगा.

झालीच उलटी, तर चूळ, घोटघोट पाणी, खिडकी उघडी. पिशवीला गाठ मारून सोबतच ठेवा, मेळघाटच्या जंगलात भिरकावू नका. परतीच्या पिशव्या वेगळ्या. फुंकल्या का?