आपल्या व्हिडिओखालच्या शिवराळ कमेंटचं करायचं काय?

नोटिफिकेशन बंद ठेवा. दिवसातून दोनदाच, ठरवून, वीस मिनिटं कमेंट वाचा. झोपण्यापूर्वी तर नकोच.

वाचताना टीका आणि शिवी वेगळी काढा. ‘आवाज फाटतोय, काही कळत नाही, बंद कर हे’ यात उद्धटपणा आहे, पण माइकची तक्रार खरी असू शकते. तेवढी घ्या. ‘आधी तोंड बघ आरशात’ यात घेण्यासारखं काहीच नाही. उत्तर देऊ नका. दिलंत की भांडण लांबतं आणि बघ्यांची गर्दी जमते.

यूट्यूबवर अशा माणसाला चॅनेलवरून ‘हाइड’ करा. त्याच्या कमेंट इतरांना दिसत नाहीत, त्याला तशी सूचनाही जात नाही. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ साधारण हेच करतं. ब्लॉक केलेलं लक्षात येतं, मग नवं खातं काढून गडी परत हजर!

ब्लॉक्ड वर्ड्सच्या यादीत (त्यातला शब्द असलेली कमेंट इतरांना न दिसता तुमच्या तपासणीसाठी अडकते) शिव्या देवनागरीत टाका आणि रोमन लिपीतही; तिथे एकाच शिवीची तीन-चार स्पेलिंगं होतात. साधे शब्द मात्र घालू नका. ‘वेडा’ घातलात तर ‘वेडा झालो बघून’ ही दादही अडकते. अडकलेल्या कमेंट आठवड्याला चाळा; यूट्यूब त्या जास्तीत जास्त 60 दिवस ठेवतं.

धमकी आली किंवा कुणी घरचा पत्ता टाकला तर डिलीटची घाई नको. आधी खात्याच्या नावासकट स्क्रीनशॉट आणि लिंक घ्या. तारीख-वेळ स्वतः टिपा, कारण कमेंटपाशी बहुधा ‘दोन दिवसांपूर्वी’ एवढंच दिसतं. मग रिपोर्ट करा.