झटपट नर्सिंग: वाचलेलं वर्ष कितीला पडतं?

बारावीचा निकाल लागला की सावंतवाडीपासून पेणपर्यंत जाहिराती दिसू लागतात: सहा महिन्यांत नर्सिंग, वर्षात नोकरी. घरात ओढाताण असली की ‘लवकर’ हा शब्द गोड लागतो. पण लवकर संपणारे कोर्स दोन प्रकारचे असतात. काहींनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत, म्हणजे नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेत, नाव लागतं, काहींनंतर लागत नाही. ही चाळणी आधी लावा, फीचं बोलणं नंतर.

नाव लागणारे कोर्स कोणते

एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) 2 वर्षांचं, फक्त मुलींसाठी; बारावी कुठल्याही शाखेची चालते. जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतीशास्त्राची पदविका) 3 वर्षांचं, मुलामुलींना खुलं, शाखा कुठलीही, पण इंग्रजी हवं आणि 40 टक्के हवेत. बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला 45 टक्के, शिवाय राज्याची सीईटी. नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर शिक्षणाचा रस्ता इथूनच सुरू होतो.

‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ वगैरे सहा महिन्यांचे कोर्स म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसाचं किंवा घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याचं शिक्षण. काम चांगलं आहे, मुंबईत त्याला मागणीही आहे. पण त्यावर स्टाफ नर्सच्या जागेला अर्ज करता येत नाही आणि पुढे जीएनएम करायचं ठरलं तर त्यातला एक दिवससुद्धा कमी होत नाही.

बीकॉम, बीए झालेल्यांचा एक गैरसमज असतो. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी साधारण 11 ते 18 महिन्यांचा वेगवान बीएस्सी नर्सिंग कोर्स असतो, त्याची माहिती मोबाइलवर फिरत राहते. आपल्याकडे तशी सोय नाही. रत्नागिरीतल्या बीकॉम मुलीला जीएनएम पहिल्या वर्षापासूनच करावं लागतं. वयाची वरची मर्यादा 35 आहे, त्यामुळे तेविशीत सुरुवात केली तरी उशीर झालेला नसतो.

कॉलेज बघायला जाताना

ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव, त्याच कोर्सचं नाव आणि मंजूर जागा, तिन्ही जुळवा. एका संस्थेचं एएनएम मान्य आणि जीएनएम प्रस्तावित, असंही असतं. ‘मान्यता येतेय’ याचा अर्थ आज नाही, एवढाच घ्या.

मग रुग्णालय. जीएनएम शाळेला किमान 100 खाटांचं स्वतःचं रुग्णालय आणि एका विद्यार्थ्यामागे 3 रुग्ण, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. खाटाही 75 टक्के भरलेल्या हव्यात. मंगळवार-बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास वॉर्डाच्या बाजूला चक्कर मारा. चादरी कोऱ्या, सलाइनचे स्टँड भिंतीला टेकवलेले आणि एका रुग्णाभोवती आठ निळे गणवेश, असं दृश्य असेल तर मुलगी शिरेत सुई लावायला शिकणार कुठे? बाळंतपणाच्या केसही मोजून कराव्या लागतात, त्या केसबुकात सहीनिशी भराव्या लागतात. केस नसल्या की शेवटच्या वर्षाला धावाधाव होते.

म्हणून हे विचारा: पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम, कुठे कुठे असतं? मनोरुग्ण परिचर्येसाठी रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय सोयीचं. पण प्रसूती किंवा बालरोगासाठी कोल्हापूर-मुंबईला पाठवत असतील तर तिथलं राहणं, जेवण, गाडीभाडं कोणाच्या खिशातून? हा खर्च माहितीपत्रकात सहसा सापडत नाही.

हिशेब कागदावर मांडा

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या कॉलेजचे घाला, पण रकाने हेच ठेवा. खासगी जीएनएम: फी वर्षाला 70,000, वसतिगृह आणि मेस 11 महिने 6,000 प्रमाणे 66,000, गणवेश-पुस्तकं-परीक्षा फी 15,000, पोस्टिंग आणि येणंजाणं 10,000. वर्षाचे झाले 1,61,000 आणि तीन वर्षांचे 4,83,000.

बीएस्सीला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटातली, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 2024 पासून राज्य सरकार व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ करतं. मग वर्षाचे 66,000 आणि इतर 25,000, म्हणजे 91,000; चार वर्षांचे 3,64,000. एक वर्ष जास्त शिकल्याने बुडालेला पगार महिना 12,000 धरला तर 1,44,000. बेरीज 5,08,000. जीएनएमच्या 4,83,000 शी ताडलं तर चौथं वर्ष जेमतेम 25,000 ला पडलं.

आता उलट बाजू. जीएनएमवाल्या मुलीला नंतर पदवी हवीशी वाटली तर पोस्ट बेसिक बीएस्सीची आणखी 2 वर्षं. म्हणजे चारऐवजी पाच. विज्ञान शाखा आहे, गुण आहेत, सवलतही बसते, तर एक वर्ष वाचवण्यासाठी जीएनएमकडे वळणं आम्हाला तोट्याचं वाटतं. कला-वाणिज्यवाल्यांनी मात्र बिनधास्त जीएनएम घ्यावं, त्यांना तोच सरळ रस्ता आहे.

इथे एक चूक हमखास होते. सीईटीत गुण कमी पडले की ‘मॅनेजमेंटमधून करून देतो’ असं कोणीतरी सांगतं. ती जागा केंद्रीय प्रक्रियेतली नसते, त्यामुळे फीमाफी जाते आणि हे कळतं पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज अडकल्यावर.

कर्ज काढणार असाल तर: 4 लाख, 10 टक्के, 7 वर्षं म्हणजे हप्ता साधारण 6,640 रुपये. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर तो आणखी चढतो. 12,000 पगारातून हा हप्ता गेला की चिपळूणला खोलीभाडं देऊन हाती काय उरतं ते बघा. बागायतदार घरांत पैसा येतो एप्रिल-मेमध्ये आणि फी भरायची असते गणपतीच्या आसपास. फीचा दुसरा हप्ता मेअखेर ठेवता येईल का, हे प्रवेशाआधी विचारा आणि लेखी घ्या.

नोकरी: कुठे, किती, कधी

पगार पाहताना सरकारी आणि खासगी असे दोन वेगळे कागद करा. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन 35,400 पासून, जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचं 25,500 पासून, भत्ते वेगळे. आरोग्य सेविकेच्या जागेला एएनएम लागतं, आणि जिला उपकेंद्रावर, वाडीवस्तीत फिरून काम करायचंय तिच्यासाठी हा छोटा कोर्स खरोखर फायद्याचा. अडचण वेळेची आहे. 2019 ची जिल्हा परिषद भरती शेवटी रद्द झाली आणि नवी जाहिरात आली 2023 मध्ये. चार वर्षं गेली. म्हणून कर्जाचा हप्ता सरकारी पगारावर बेतू नका.

सिंधुदुर्ग, अलिबाग आणि रत्नागिरीला 2021 ते 2023 या काळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यामुळे घराजवळ सरकारी काम मिळण्याची दारं वाढली. केंद्रीय नोकरीसाठी एम्सची नॉरसेट परीक्षा आहे, वेतन 44,900 पासून. तिथे बीएस्सीवाली पास होताच बसू शकते. जीएनएमवालीला 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव लागतो. वीस खाटांच्या नर्सिंग होममधली तीन वर्षं इथे मोजली जात नाहीत. पहिली नोकरी निवडताना पगाराआधी खाटा मोजा.

सावंतवाडी-बांद्याकडच्या मुलींना गोवा जवळ. म्हापसा-पणजीच्या खासगी रुग्णालयांत काम मिळू शकतं, पण गोवा सरकारच्या नोकरीला 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणी लागते, तेव्हा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाचा पगार हिशेबात धरू नका. आंबोली घाट चढून बेळगावला शिकायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं: नोंदणी आधी कर्नाटकात होते, मग तिथलं ना-हरकत पत्र आणि त्यानंतर महाराष्ट्रात नाव. यात काही महिने जातात. भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेला नोंदणी हातात नसेल तर अर्ज बाद होतो. निकाल लागल्याच्या आठवड्यातच कागद हलवा.

प्रवेशाच्या दिवशी मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मागतील. पडताळणीला दाखवा, ठेवून घेणारच असतील तर कोणते कागद, किती दिवस, हे शिक्क्यासह लिहून घ्या. ‘कोर्सनंतर आमच्याच हॉस्पिटलात दोन वर्षं’ असा बाँड असेल तर त्यात पगाराचा आकडा आहे का ते बघा. रकाना कोरा असेल तर सही करू नका.