दसरा-दिवाळीची सजावट: पानं, शेंगा आणि लोंब्यांपासून घरच्या घरी

ऑक्टोबर आला की ऑनलाइन प्लास्टिकच्या लाल-केशरी मेपलच्या माळा दिसायला लागतात. पण पुण्यात मेपल बघितलाय कुणी? आपल्याकडची पानगळ फेब्रुवारी-मार्चमधली, शरदात आपल्याकडे असतात झेंडू, भाताच्या लोंब्या, झाडाखाली पडलेल्या शेंगा आणि दसऱ्याला घरभर साठणारं सोनं, मग सजावट त्याचीच करूया की.

एक काम मात्र आधीच सुरू करा कारण त्याला तीन-चार आठवडे लागतात, ते म्हणजे पिंपळपानाची जाळी. कोवळी पानं घेऊ नका, त्यांचा नुसता लगदा होतो, जून आणि न फाटलेली घ्या. बादलीत पाण्यात बुडवा, वर वजनाला एखादी ताटली ठेवा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. वास येतो, भयंकर येतो, म्हणून बादली बाल्कनीतच. बोटानं चोळल्यावर हिरवा गर सुटायला लागला की पान पसरट ताटलीत थोड्या पाण्यात ठेवा आणि जुन्या मऊ टूथब्रशनं मधल्या शिरेपासून कडेकडे हळूहळू टिपत जा, घासायचं नाही, घासलं की फाटलंच. मग पान उलटवून दुसऱ्या बाजूनं तेच. देठाजवळ गर चिवट असतो, तिथे घाई नको. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढून वर्तमानपत्रात घालायचं, वर जाड पुस्तक. घाई असेल तर धुण्याच्या सोड्यात तासभर उकळूनही होतं, पण अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको (सोडा ते खातो), आणि हातात ग्लोव्हज घाला. ही जाळी एलईडीच्या माळेवर एकेका दिव्यापाशी दोऱ्यानं बांधली की झकास दिसते. पणतीजवळ मात्र अजिबात नको.

शेंगांचं काम सोपं आहे. गुलमोहर, बहावा, जॅकरंडा ही झाडं सोसायट्यांत आणि रस्त्याकडेला असतातच, खाली पडलेलं उचला, टेकडीवर जाऊन फांद्या मोडू नका. आणलेल्या शेंगांत किडे असतात, म्हणून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, ऊन नसेल तर पिशवीत बांधून तेवढेच दिवस फ्रीजरमध्ये (घरच्यांना सांगून). गेरूत पाणी आणि थोडं फेविकॉल कालवून रंगवा, वर चुन्याचे ठिपके. सोनेरी स्प्रे मला तरी भडक वाटतो.

लोंब्यांची तयार तोरणं दसऱ्याच्या सुमारास मंडईत मिळतात, पण सुट्या जुड्या मिळाल्या तर घरी करा. काड्यांवर पाणी शिंपडून अर्धा तास ओल्या फडक्यात ठेवा म्हणजे वाकवताना तुटत नाहीत. दहा-बारा लोंब्यांची जुडी घ्या, काड्या सुतळीवरून वाकवून दोऱ्यानं आवळा, पुढची जुडी अगदी खेटून. काड्या वाळल्या की आकसतात, त्यामुळे गाठ सैल राहिली तर जुड्या निसटतात. दारावर परतीच्या पावसाची झड येत असेल तर आत लावा, भिजल्या की बुरशी येते. सण झाला की बाल्कनीत टांगा, चिमण्या दाणे फस्त करतील.

झेंडूला एकच नियम, फुलं ओवायच्या आधी धुवायची नाहीत, कुजतात. माळ सुकली की फुलं मोडा, आत काळ्या काडीसारख्या बिया असतात, त्या कुंडीत टाका.

आता सोनं. हातात येतं त्यातलं बरंचसं कांचनाचं असतं, आपट्याचं पान लहान आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं त्याहून मोठं. सजावटीला दोन्ही चालतात, त्यासाठी वेगळ्या फांद्या आणू नका, घरात आलेलीच पुरतात. दसऱ्याच्या रात्रीच पुस्तकात दाबा कारण दुसऱ्या दिवशी ती वळायला लागतात. आठवड्याभरात सपाट वाळतात, मग पिझ्झाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कडं कापून बाहेरच्या कडेपासून आत, एकावर एक अर्धवट चढवत चिकटवा, जोडाच्या जागी दोन-चार शेंगा. फेविकॉल पूर्ण वाळेपर्यंत पंखा बंद ठेवा, नाहीतर सगळं सोनं सोफ्याखाली.